हवामान केंद्राचा पोल, दोन अर्थिंग आणि जळालेला लॉगर: जाणकारांनी मार्गदर्शन करावे

अंजिरबाग_पुरंदर | १९ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमची अंजीर आणि सीताफळाची बाग आहे. मी चार दिवस पुण्यात, तीन दिवस बागेत असतो. दोन वर्षांपूर्वी बागेत स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं. वारा मोजायची प्रमाण उंची दहा मीटर, म्हणून त्यासाठी दहा मीटरचा जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पोल मुद्दाम उभा केला. तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर दीड मीटरवर, पर्जन्यमापक वेगळा आणि मोकळ्यावर. पोलच्या पायथ्याशी लॉगरची, म्हणजे सगळे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राची, पेटी आहे. तिथून जमिनीखालच्या पाइपातून ४० मीटर आरएस-४८५ची (आकडे वाहून नेणारी) केबल शेतघरातल्या कन्व्हर्टरपर्यंत नेली आहे, तो हे आकडे पुढे राउटरकडे देतो. पोलला स्वतःचा एक अर्थिंग रॉड आहे, घराला घराचं अर्थिंग आहे.

गेल्या मंगळवारी वळीव आला. चार वाजता अंधारून आलं, धुळीचा लोट उठला आणि पहिले टपोरे थेंब पडतायत तोवर असं काही कडाडलं की मी ओट्यावर होतो तिथेच खाली बसलो. घरातले दिवे एकदा पिवळे होऊन गेले. नंतर पाहिलं तर लॉगर बंद, घरातला कन्व्हर्टर बंद, राउटर बंद, बोअरच्या मोटरचा स्टार्टर जळलेला.

लॉगरची पेटी उघडली. बोर्डावर आठ पायांची एक चिप असते, ती फुटाणा फुटावा तशी मधोमध फुटली होती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काजळीचा डाग. घराकडच्या कन्व्हर्टरमध्येही नेमकी तशीच चिप गेलेली. वाऱ्याच्या वाट्या मात्र छान फिरतायत. पोलच्या टोकाला कुठे काळं पडलेलं नाही, वितळलेलं नाही. पोलपासून साधारण ७० मीटरवर बांधाला जुनी चिंच आहे. तिची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चार बोटं रुंदीच्या पट्टीसारखी सोलून निघाली आहे.

आता सल्ले तीन आले आहेत. गावातला वायरमन म्हणतो, पोलचं अर्थिंग वेगळं आहे तेच बरोबर, घराला जोडलंत तर आभाळातली वीज घरात येईल. उपकरणं विकणारे म्हणतात, 'वीज लांबूनच ओढून घेणारा' खास अरेस्टर (वीजरोधक) बसवा, शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. त्याची किंमत माझ्या अख्ख्या केंद्राच्या तिप्पट आहे. आणि शेजारचे काका म्हणतात, अर्थिंग केलंत म्हणूनच वीज आली, काढून टाका ते.

मला दोन वर्षांची सलग नोंद तुटल्याचं फार वाईट वाटतंय. बहर धरायच्या वेळी याच आकड्यांवर आम्ही पाणी ठरवतो. नेमकं काय करू?

---

सोनचाफा | १९ मे, रात्री ९.३२

बापरे. तुम्ही सुखरूप आहात हे आधी महत्त्वाचं. वाचतेय.

---

मीटरवाला | १९ मे, रात्री १०.०५

दादा, तुम्ही दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. पोलवर वीज पडलेलीच नाही. वाट्या शाबूत, टोक शाबूत, आणि केबलच्या दोन्ही टोकांच्या चिपा फुटल्या. वीज चिंचेवर पडली आणि जमिनीतून पसरली.

सरासरी वीज ३० हजार अँपिअरच्या आसपास धरतात. एवढा प्रवाह झाडाच्या मुळातून जमिनीत शिरला की तिथली जमीन क्षणभर लाखो व्होल्टवर चढते आणि जसजसं लांब जावं तसा हा दाब उतरत जातो. तुमच्या पोलचा रॉड एका ठिकाणी, घराचं अर्थिंग ४० मीटर पलीकडे. त्या क्षणी दोन्हीकडचा 'शून्य' वेगळा होता, काही हजार व्होल्टचा फरक सहज असेल. आणि या दोन अर्थिंगना जोडणारी एकच गोष्ट होती, तुमची केसासारखी बारीक केबल. आरएस-४८५ची चिप दोन टोकांतला फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतकाच सहन करते.

म्हणजे दोष अर्थिंगचा नाही. दोन वेगळ्या अर्थिंगच्या मध्ये तार ताणली, हा दोष आहे.

---

निवृत्त_वायरमन | २० मे, सकाळी ७.१५

मी अडतीस वर्षं लाइनवर काम केलं. तुमच्या गावच्या वायरमनची बाजू घेतो. अरेस्टरचं अर्थिंग वेगळं ठेवायचं हेच आम्हाला शिकवलं आणि आम्ही तेच करत आलो. वीज वेगळ्या खड्ड्यात जिरवायची, घराच्या खड्ड्यात कशाला आणायची? घरात लहान मुलं, जनावरं असतात.

---

मीटरवाला | २० मे, सकाळी ९.४०

@निवृत्त_वायरमन काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो. वीज एका खड्ड्यात 'जिरत' असती तर वेगळं ठेवणं बरोबर ठरलं असतं. पण हिशोब करून पाहा. दहा ओहमचं अर्थिंग म्हणजे आपल्याकडे चांगलंच म्हणतात. त्यातून ३० हजार अँपिअर गेले तर पोल आणि भोवतीची जमीन ३ लाख व्होल्टवर जाते. एक ओहम केलं तरी ३० हजार व्होल्ट राहतातच. ओहम कितीही कमी केले तरी त्या क्षणी पोल 'शून्यावर' राहणार नाही.

मग वाचवतं काय? सगळं एकत्र वर जाणं. होडीतली माणसं लाटेबरोबर एकत्र वर जातात, तेव्हा कुणाला काही होत नाही. एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असेल त्याचं काय होतं? घराजवळ पोल असेल तर पोलचं, घराचं, सोलरचं, टाकीच्या लोखंडी स्टँडचं, सगळं अर्थिंग एका पट्टीने बांधायचं. आयएस ३०४३ आणि आयएस/आयईसी ६२३०५ ही भारतीय प्रमाणं हेच सांगतात. जुन्या आयएस २३०९ची जागा आता या ६२३०५ने घेतली आहे.

---

ऑसिलोस्कोप_आजोबा | २० मे, दुपारी १२.२०

मीटरवाल्यांचं तत्त्व शंभर टक्के बरोबर, पण या धाग्यातल्या शेताला ते जसंच्या तसं लावू नका. ४० मीटर अंतर विसरू नका.

विजेचा झटका एका मायक्रोसेकंदात दहा हजार अँपिअरने वाढू शकतो. सरळ तारेचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा अडथळा) मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री. म्हणजे त्या वेगाने चढणारा पूर्ण प्रवाह वाहिला तर तारेच्या दर मीटरला दहा हजार व्होल्ट उभे राहतात. तांब्याची जाडजूड पट्टी घेतली तरी यात फार फरक पडत नाही, कारण हा ओहमचा खेळच नाही. ४० मीटरची पट्टी विजेच्या लेखी ४० मीटरचीच राहते. त्या पट्टीमुळे घरच्या वीजपुरवठ्याचा दोष सुटेल, पण दोन टोकं त्या मायक्रोसेकंदाला सारखी होणार नाहीत.

तेव्हा माझं मत असं. पाच-दहा मीटरच्या आत असेल तर बांधा. त्याहून लांब असेल तर तार तोडा. ऑप्टिकल फायबर टाका (आत लोखंडी तार किंवा चिलखत नसलेली), नाहीतर सरळ बिनतारी करा. हवेतून आकडे जातात, व्होल्ट जात नाहीत.

---

अंजिरबाग_पुरंदर | २० मे, दुपारी १.०५

हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण बिनतारी केलं तर पोलच्या पेटीला वीजपुरवठा? तोही आत्ता घरूनच येतो. आणि श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसतं.

---

ऑसिलोस्कोप_आजोबा | २० मे, दुपारी १.३०

पुरवठ्याची तारही तोडायची, नाहीतर काही अर्थ नाही. लॉगर सरासरी किती घेतो ते मोजा. १५ मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण ढगातही एकोणीस दिवस जाईल, अर्धीच वापरायची म्हटली तरी नऊ दिवस. दहा वॅटचं पॅनल पुरे. बिनतारीसाठी लोरा (कमी विजेवर लांब आकडे पाठवणारा रेडिओ) घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. ४० मीटर त्याला काहीच नाही.

---

पायाळू_पुणेकर | २० मे, सायंकाळी ६.४८

माझा आयडी बघून ओळखलं असेलच. लहानपणी वळीव आला की आजी मला पहिल्यांदा घरात ओढायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. चुलतभाऊ मात्र अंगणात गारा वेचत बसायचे. माझ्या वाटणीच्या गारा ते पेल्यात आणून द्यायचे, अर्ध्या वाटेत विरघळलेल्या. आता कळतं की आजीने आम्हा सगळ्यांनाच आत ओढायला हवं होतं.

मुद्द्याचा प्रश्न: शेजारच्या काकांचं म्हणणं कितपत खरं? अर्थिंग केल्याने वीज ओढली जाते का?

---

मीटरवाला | २० मे, रात्री ८.१५

@पायाळू_पुणेकर, नाही. वीज ढगातून खाली येते ती टप्प्याटप्प्याने, एकेक टप्पा साधारण ५० मीटरचा. शेवटच्या टप्प्यापर्यंत तिला खाली काय आहे याचा पत्ता नसतो. त्या शेवटच्या अंतरात जे उंच, ते तिला भेटायला वर ठिणगी पाठवतं. तिथे उंची आणि जागा महत्त्वाची. काँक्रीटमध्ये रोवलेला दहा मीटरचा लोखंडी पोल अर्थिंगची तार काढली म्हणून जमिनीपासून सुटा होत नाही. काँक्रीटमधून तो जमिनीला टेकलेलाच असतो, फक्त वाईट रीतीने. वीज पडली तर पायातल्या काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होऊन पाया तडकतो.

आता विक्रेत्यांचा खास अरेस्टर. ६२३०५ प्रमाणात संरक्षणाचं क्षेत्र धातूच्या प्रत्यक्ष उंची-लांबीवरूनच काढायचं असतं. टोकात काय यंत्र आहे त्याचे जादा गुण मिळत नाहीत. काढायची पद्धत सोपी आहे. ४५ मीटर त्रिज्येचा एक प्रचंड चेंडू जमिनीवरून लोळवत पोलला टेकवा. चेंडूखाली जी जागा मोकळी राहते ती सुरक्षित. दहा मीटरच्या पोलला ही जागा पायथ्यापासून सुमारे २८ मीटर येते. दादांची चिंच ७० मीटरवर, म्हणजे पोलच्या छायेत नव्हतीच. ते पैसे सर्ज प्रोटेक्टर (तारेतून येणारा जादा दाब अर्थमध्ये वळवणारं उपकरण) आणि रॉडवर खर्च करा.

---

कोथरूडची_मावशी | २१ मे, सकाळी १०.१०

थोडं अवांतर, पण विषय तोच. आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर माझ्या भाच्याने छोटं हवामान केंद्र बसवलंय, तीन मीटरचा पोल. गच्चीवर आधीपासून वीजरोधक आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात पोल त्याला अजिबात जोडायचा नाही. मग काय करायचं?

---

मीटरवाला | २१ मे, सकाळी ११.००

@कोथरूडची_मावशी, पोल रोधकाच्या पट्टीला जोडायलाच हवा, किंवा पट्टीपासून आणि रोधकाच्या टोकापासून नीट हिशोब करून लांब आणि त्याच्या छायेत ठेवायला हवा. अर्धवट जवळ ठेवला तर वीज हवेतून उडी मारून पोलवर येते आणि भाच्याच्या केबलने खाली फ्लॅटमध्ये उतरते. सेक्रेटरींना चेंडूचं चित्र काढून दाखवा, पटेल.

पण त्याआधी एक काम करा. गच्चीवरून पट्टी कुठे खाली उतरते ते डोळ्यांनी बघत जमिनीपर्यंत जा.

---

कोथरूडची_मावशी | २१ मे, सायंकाळी ७.२५

मीटरवाला, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. भाचा आणि मी आज पूर्ण पट्टी बघत खाली उतरलो. पॅरापेटपाशी ती कापलेली आहे! तीन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी आड येते म्हणून कापली आणि दोन्ही टोकं नव्या कोब्याखाली दाबून टाकली. वरचा रोधक तीन वर्षं नुसताच उभा आहे. अठ्ठावीस कुटुंबं राहतात इथे. रविवारी सभा बोलावली आहे.

---

निवृत्त_वायरमन | २१ मे, रात्री ८.४०

ताई, हे मी शंभर ठिकाणी पाहिलंय. आणि तळमजल्यावरची तांब्याची पट्टी चोरीला जाते ती वेगळीच. खालचे सहा फूट जी.आय. पट्टी आणि पाइपात घाला, चोर हात लावत नाहीत. पट्टी वळवताना काटकोन करू नका, हात कोपरात वाकतो तसा गोल बाक द्या.

मीटरवाल्यांनी होडीचं सांगितलं त्यावर रात्री विचार केला. घराला लागून पोल असेल तिथे एकत्र बांधायचं, हे पटलं. आम्ही डीपीपाशी काम करताना न्यूट्रलचं आणि बॉडीचं अर्थिंग एकमेकांना बांधायचोच की. तेव्हा कुणी कारण सांगितलं नव्हतं.

---

द्राक्षमळा_जुन्नर | २२ मे, दुपारी ३.३०

आमच्याकडे नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागांत अशी केंद्रं आता बरीच आहेत, डावणी-भुरी या रोगांचा अंदाज त्यावरच बांधतो. एक गोष्ट कुणी बोललं नाही. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा! ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी तार ताणलेली असते. कुठेतरी वीज पडली की ती तारेने पूर्ण ओळभर पळते. आमच्या केंद्राची केबल मांडवाच्या तारेला बांधून नेली होती, तेव्हा दोन सेन्सर गेले. आता केबल जमिनीखालून नेतो, आणि पावसाचं आभाळ आलं की मजुरांना मांडवाखालून बाहेर काढतो.

माझ्या मामाची बैलजोडी झाडाखाली वीज पडून गेली, मी नववीत होतो. झाडाखाली बांधली होती. एकाही बैलाच्या अंगावर जखम नव्हती. मामा आठ दिवस गोठ्यात जाऊन बसायचा.

---

सोनचाफा | २२ मे, दुपारी ४.०५

@द्राक्षमळा_जुन्नर, वाचून गलबललं. अंगावर जखम नसताना बैल कसे गेले?

---

ऑसिलोस्कोप_आजोबा | २२ मे, सायंकाळी ५.१५

झाडातून जमिनीत उतरलेली वीज पसरते तेव्हा प्रत्येक पावलागणिक व्होल्ट बदलतात. माणसाचे पाय जवळ असतात. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर लांब, आणि त्या दोहोंच्या मध्ये काळीज. वीज एका पायाने चढते, छातीतून जाते आणि दुसऱ्याने उतरते. दादांच्या केबलला जे झालं तेच.

म्हणूनच दादा, पोलच्या तीन मीटरच्या आत आभाळ असताना कुणी जायचं नाही. पायथ्याशी १५ सेंटिमीटर जाडीची खडी पसरवा, ती ओली झाली तरी पायाखालचा प्रवाह बराच अडवते. आणि पेटी बंद पडली म्हणून गडगडाटात धावत जाऊ नका. वीज दिसल्यापासून आवाज येईतो मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं की आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. सिंहगडावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी जाणाऱ्या पोरांना तर हे पाठ असायला हवं.

---

वेधशाळेचा_शेजारी | २२ मे, रात्री ९.५०

आजोबांच्या म्हणण्याला जोड: पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएमने (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) केलेलं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर हवं.

मी शिवाजीनगरला सिमला ऑफिसजवळ वाढलो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. शाळेत जाताना तिथले वाऱ्याचे पोल बघायची सवय लागली, अजून सुटली नाही. आपल्या शहरातला माणूस स्वतःच्या बागेत दहा मीटरवर वारा मोजतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

---

अंजिरबाग_पुरंदर | २४ मे, सकाळी ८.२०

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर बागेत होतो. अर्थ टेस्टर भाड्याने आणला, पोलच्या रॉडचं माप घेतलं: ४१ ओहम! वायरमनने बसवताना ५ सांगितले होते. आमच्याकडे वर दोन फूट काळी माती, खाली मुरूम आणि मग पाषाण. मातीला आत्ता अशा भेगा आहेत की रॉडच्या कडेने माझं बोट आत गेलं. रॉड मातीला टेकलेलाच नाही. मीठ-कोळसा भरून नवा खड्डा करू का?

---

मीटरवाला | २४ मे, सकाळी १०.३०

त्याने ५ मोजले असतील तर ते ऑगस्टमधले असतील! आपल्या काळ्या मातीचा हाच घोळ आहे. पावसाळ्यात फुगून रॉडला घट्ट धरते, आणि मे महिन्यात, नेमक्या विजांच्या दिवसांत, सोडून देते. माप नेहमी मे मध्ये घ्यायचं. टेस्टरचा मधला खुंटा लांबच्या खुंट्याच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर होता ना? आणि मोजताना रॉड पोलपासून सोडवला होता ना?

मीठ नको. पहिल्या दोन पावसाळ्यांत आकडा छान येतो, मग मीठ वाहून जातं आणि जाताना जी.आय. खाऊन जातं. खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) घाला आणि झाकणातून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडा.

एक रॉड खोल ठोकायचा हट्टही सोडा, पाषाण लागतोय. तीन मीटरचा एक रॉड शंभर ओहम-मीटरच्या जमिनीत साधारण ३३ ओहमच देतो. तीन रॉड ठोका, दोन रॉडमध्ये रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा. जिथे रॉड जात नाही तिथे पोलपासून तीन दिशांना, चाकाच्या आऱ्यांसारखे, अर्धा मीटर खोल चर खणून दहा-दहा मीटर जी.आय. पट्टी पुरा. विजेला एका खोल विहिरीपेक्षा चार वाटा बऱ्या, कारण सुरुवातीच्या मायक्रोसेकंदात ती जवळपासच पसरते.

---

ऑसिलोस्कोप_आजोबा | २४ मे, सकाळी ११.१०

पोलवर चढलात की हेही करा.

टोकाला एक बारीक रॉड, वाऱ्याच्या सेन्सरपेक्षा एक मीटर उंच आणि थोडा बाजूला. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून रॉड पूर्वेला ठेवा, म्हणजे वाऱ्याच्या मोजणीत त्याची सावली येणार नाही. सेन्सरची केबल पोलच्या आतून सोडा. लोखंडी नळीच्या आत तिला बराच आसरा मिळतो.

पोल आडवा पाडायचा बिजागरीचा आहे का? असेल तर बिजागरीवर भरवसा ठेवू नका. तिथे रंग आणि गंज असतो. वर-खाली रंग खरवडून लवचिक वेणीची पट्टी जोडा. पोलला ताणून धरणाऱ्या तणाव्यांची खालची टोकंही आपापल्या जागी अर्थ करा.

पेटीतल्या सर्ज प्रोटेक्टरच्या अर्थची तार अर्ध्या मीटरच्या आत. लोक छान प्रोटेक्टर घेतात आणि त्याची दोन मीटर तार गुंडाळून पेटीत कोंबतात. ती गुंडाळीच प्रोटेक्टर निकामी करते. मला पुण्यातल्या पेट्या उघडून हे बघून बघून आता राग येत नाही, दुःख होतं. दोन मिनिटांचं काम असतं हो, तार कापून आखूड करायचं.

---

पायाळू_पुणेकर | २४ मे, दुपारी २.००

वाखूण साठवली. असा धागा वर्षातून एकदा निघतो.

---

कोथरूडची_मावशी | ३ जून, रात्री ८.०५

सोसायटीची बातमी. सभेत एकमताने ठराव झाला. पट्टी जोडून झाली, खालच्या खड्ड्याचं माप घेतलं, भाच्याचा पोल पट्टीला बांधला आणि लिफ्टच्या पॅनलला टाइप-१ सर्ज प्रोटेक्टर बसला. सेक्रेटरींनी स्वतः गच्चीवर उभं राहून काम करून घेतलं. तो चेंडू त्यांनी सभेत फळ्यावर काढून दाखवला!

---

अंजिरबाग_पुरंदर | १४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

मंडळी, धागा वर काढतो, कारण सांगण्यासारखं घडलं.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आत काम पुरं केलं. तीन रॉड, तीन चर, पायथ्याला खडी. घराकडच्या दोन्ही तारा, डेटाची आणि पुरवठ्याची, पेटीपाशी कापून पाइपातून ओढून काढल्या. पेटीवर सोलर, आत लोरा. मे अखेरीस माप ४१ वरून १४ वर आलं, ऑगस्टमध्ये ६ होतं. घराच्या मीटरपेटीत सर्ज प्रोटेक्टर बसवला, बोअरच्या स्टार्टरला वेगळा.

परवा परतीच्या पावसात आभाळ तसंच आलं. दामिनीवर लाल ठिपके दिसू लागले तेव्हा मजुरांना शेतघरात घेतलं. या वेळी पोलवरच पडली. खिडकीतून मी पाहिली, डोळ्यांपुढे कितीतरी वेळ हिरवी रेघ राहिली. मी पळत गेलो नाही, अर्धा तास मोजून थांबलो. खरं सांगतो, तो अर्धा तास फार लांब होता.

टोकाच्या रॉडच्या शेंड्याला मुगाएवढा गोळा आलाय, वितळून परत गोठलेला. वाऱ्याचा सेन्सर गेला, प्रोटेक्टरमधली एक नळी गेली. लॉगर जिवंत आहे! घरातलं काहीही गेलं नाही. नोंदीत ५ वाजून १२ मिनिटांनी सेकंदाला १४.२ मीटरचा झोत आणि वीस मिनिटांत तापमान २९.८ वरून २२.१. पाऊस ३८ मिलिमीटर. वारा सोडला तर नोंद कुठेही तुटली नाही.

निवृत्त वायरमनकाका, गावच्या वायरमनला तुमची पोस्ट वाचून दाखवली होती. चर खणायला तो स्वतः उभा राहिला, आणि आता शेजारच्या दोन शेतांत तारा कापून बिनतारी करतोय.

---

निवृत्त_वायरमन | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

वाचून बरं वाटलं. त्याला माझा नमस्कार सांगा. बिजागरीवरची वेणी शाबूत आहे का? झटक्यानंतर ती आधी बघायची.

---

अंजिरबाग_पुरंदर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

काका, वेणी शाबूत आहे, पण खालच्या बाजूचा क्लॅम्प सैल झालाय आणि त्याखाली पांढरी पूड धरली आहे.

---

मीटरवाला | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

क्लॅम्प पितळी आहे ना? जी.आय.वर तांबं-पितळ थेट बसवलं की ओलाव्यात जस्त खाल्लं जातं, ती पांढरी पूड त्याचीच. पुण्यात बोहरी आळीच्या बाजारात स्टेनलेसचा मिळेल, तो लावा. खालचा भाग ब्रशने घासून कोरडा करा, आवळल्यावर वरून ग्रीस. नवा सेन्सर चढवाल त्याच दिवशी करा, आणि परत एकदा माप घ्या.

---

अंजिरबाग_पुरंदर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

शनिवारी पोल खाली घेतोय. माप इथेच टाकतो.